डॉक्टर होताना: एमबीबीएसचे टप्पे, लागणारी वर्षे आणि विद्यार्थ्याची तब्येत

बारावीचा निकाल लागला की दवाखान्यात ताप-खोकल्याच्या पेशंटबरोबर एक प्रश्न हमखास येतो: “डॉक्टर, मुलीला मेडिकलला घालायचं म्हणतोय. झेपेल ना तिला?” विचारणारे नायगाव, जूचंद्र, वसई, नालासोपारा इथले आईवडील असतात. नीटचे मार्क, कट-ऑफ, क्लासची फी यांची त्यांना पुष्कळ माहिती असते. प्रवेश मिळाल्यावर मुलगी किती तास वॉर्डात उभी असेल, कधी झोपेल, कोणत्या आजारांच्या जवळ वावरेल आणि कमवायला कधी लागेल, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

या लेखात दोन्ही बाजू सांगितल्या आहेत: डॉक्टर होण्याचा अधिकृत मार्ग कसा आहे, आणि त्या मार्गावर विद्यार्थ्याने स्वतःची तब्येत कशी सांभाळावी.

थोडक्यात

• एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर १ वर्षाची सक्तीची इंटर्नशिप, एकूण साडेपाच वर्षे.
• प्रवेश फक्त नीट-यूजी या परीक्षेतून होतो. परीक्षा मराठीतूनही देता येते.
• एमडी किंवा एमएस करायचे तर आणखी ३ वर्षे लागतात. स्वतंत्रपणे काम करणारा तज्ज्ञ डॉक्टर साधारण २८ ते ३० व्या वर्षी तयार होतो.
• वॉर्डात पाऊल ठेवण्याआधी हिपॅटायटिस बी लसीचा कोर्स पूर्ण झालेला असावा.
• सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि ताबडतोब कळवा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागलेच तर पहिला डोस शक्यतो २ तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवा.
• मन खचले असेल, मरणाचे विचार येत असतील तर टेली-मानस १४४१६ या क्रमांकावर २४ तासांत कधीही मराठीतून बोलता येते.

आपल्याच जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी

आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला झाला. त्या काळी कल्याण आणि नायगाव दोन्ही ठाणे जिल्ह्यात होते. पालघर हा वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. आनंदीबाईंचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांतच गेले. बायकांना वेळेवर वैद्यकीय मदत मिळत नाही, हे त्यांनी स्वतः सोसले होते. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्यांनी एमडी पदवी मिळवली.

ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. पुढचा भाग मात्र घाईने वाचला जातो. परक्या देशातली थंडी, न मानवणारे जेवण आणि अभ्यासाचा ताण यांत शिकत असतानाच त्यांची प्रकृती ढासळत गेली. त्यांना क्षयरोग झाला. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या कक्षाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. पण भारतात परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. पदवी हातात होती, पण डॉक्टर म्हणून काम करायला आयुष्य उरले नाही.

आज क्षयरोगावर औषधे आहेत, लसी आहेत, हॉस्टेल आहेत. तरीही शिकणाऱ्या डॉक्टरची तब्येत हा विषय घराघरात शेवटी येतो. तो आधी यावा, एवढ्यासाठी ही आठवण.

प्रवेश: नीट आणि त्यानंतर

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. गणित नसले तरी चालते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत. कमाल वयाची अट नाही आणि परीक्षा किती वेळा द्यावी यालाही मर्यादा नाही.

२०२५ पासून नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण आणि ३ तास असे स्वरूप आहे. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा १ गुण कापला जातो. फॉर्म भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, कारण तपशील बदलू शकतात.

निकालानंतर जागा अशा भरल्या जातात:

• शासकीय आणि महापालिकेच्या महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, मेडिकल कौन्सेलिंग कमिटीमार्फत.
• उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी सेलमार्फत.
• खासगी महाविद्यालयांतील ८५ टक्के जागाही सीईटी सेलच्या प्रक्रियेतून. बाकीच्या जागा संस्थेच्या कोट्यात असतात आणि तिथली फी बरीच जास्त असते.
• अभिमत विद्यापीठांच्या जागा मेडिकल कौन्सेलिंग कमिटीमार्फत.

राज्याच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे आणि अधिवास प्रमाणपत्र असणे, ही सर्वसाधारण अट आहे. नायगाव पूर्वेला गेल्या काही वर्षांत बाहेरून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे पुष्कळ आहेत. मुलाची दहावी दुसऱ्या राज्यात झाली असेल तर हा मुद्दा अकरावीतच तपासा. जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रेही निकालाची वाट न पाहता काढून ठेवा. फेरी सुरू झाल्यावर मिळणारे दिवस मोजके असतात, आणि वैधता प्रमाणपत्र वेळेत न आल्याने हातची जागा जाण्याची भीती खरी आहे.

कॉलेज कुठे आणि ये-जा कशी

नायगावात वैद्यकीय महाविद्यालय नाही. पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यात वेदांता हे खासगी महाविद्यालय आहे. मुंबईत भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज म्हणजे जे. जे. (स्थापना १८४५), मुंबई सेंट्रलचे नायर (१९२१), परळचे सेठ जी. एस. म्हणजे केईएम (१९२६), शीवचे लोकमान्य टिळक (१९६४) आणि विलेपार्ल्याचे कूपर (२०१५) ही सरकारी किंवा महापालिकेची महाविद्यालये आहेत. ठाणे महापालिकेचे महाविद्यालय कळव्याला आहे. २०२४ मध्ये मुंबईत जी. टी. आणि कामा रुग्णालयांशी जोडलेले, तसेच अंबरनाथला, अशी नवी शासकीय महाविद्यालये सुरू झाली. राज्यातील बहुतेक महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत.

नायगाव स्टेशन भाईंदर आणि वसई रोडच्या मधे आहे. दादरपर्यंत लोकलचा प्रवास साधारण तासाभराचा. कूपर, केईएम, नायर ही पश्चिम रेल्वेवरून सोयीची आहेत, जे. जे. आणि शीवला जायचे तर गाडी बदलावी लागते किंवा बस धरावी लागते. घर ते वर्ग असे धरले तर दिवसाचे साडेतीन-चार तास प्रवासात जातात. पहिल्या वर्षी, जेव्हा वेळापत्रक बरेचसे कॉलेजसारखे असते, तेव्हा काही विद्यार्थी घरून ये-जा करतात. क्लिनिकल पोस्टिंग वाढल्यावर, आणि इंटर्नशिपमध्ये तर नक्कीच, हॉस्टेलची जागा मिळत असेल तर घ्यावी. गर्दीच्या लोकलमध्ये उभे राहून चार तास आणि वॉर्डात उभे राहून सहा तास, हे रोज झाले की आधी झोप कमी होते, मग जेवणाच्या वेळा जातात आणि शेवटी मार्क कमी होतात. मुंबईतल्या कॉलेजमध्ये जागा मिळाली म्हणून मुलगी घरीच राहील, हा हिशेब अनेकदा चुकतो.

साडेपाच वर्षांत काय शिकवतात

पहिले वर्ष. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र. शवविच्छेदन इथे सुरू होते. पहिल्या दिवशी फॉर्मलिनच्या वासाने डोळे चुरचुरणे, मळमळणे, जेवण न जाणे हे होते आणि बहुतेकांना काही आठवड्यांत सवय होते. ज्यांनी देहदान केले त्यांच्यामुळे आपण शिकतो, याची जाणीव शिक्षक पहिल्याच तासाला करून देतात. चौरसियांच्या शरीररचनाशास्त्राचे जाड खंड पाहून बारावीत ९५ टक्के मिळवलेला मुलगाही गांगरतो. पाठांतर प्रचंड असते. पहिल्या वर्षाची परीक्षा जास्तीत जास्त ४ वेळा देता येते आणि प्रवेशापासून ९ वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

दुसरे वर्ष. विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र. निरोगी शरीर शिकून झाले, आता आजार कसा होतो आणि औषध कसे काम करते ते. वॉर्डातल्या पोस्टिंगला सुरुवात होते. गळ्यात स्टेथोस्कोप येतो, पण विद्यार्थी अजून कुणावर उपचार करत नाही. तो रुग्णाची हिस्ट्री घेतो आणि तपासायला शिकतो.

तिसरा टप्पा, दोन भागांत. न्यायवैद्यक, समाजवैद्यक, नेत्ररोग, कान-नाक-घसा. आणि मग मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग हे मोठे विषय. सकाळी वॉर्ड आणि ओपीडी, दुपारी व्याख्याने, संध्याकाळी पुन्हा रुग्ण पाहायला जाणे असा दिवस असतो. थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते.

इंटर्नशिप. १२ महिने. प्रत्येक विभागात ठरावीक आठवडे काम असते, त्यातले १२ आठवडे समाजवैद्यकाचे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शहरी आरोग्य केंद्रातले. रक्त काढणे, सलाइन लावणे, टाके घालणे, बाळंतपणात मदत करणे, केसपेपर लिहिणे, तपासण्यांचे रिपोर्ट आणायला धावणे, रात्रपाळी. विद्यावेतन मिळते. इंटर्नशिप पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे कायमची नोंदणी होते आणि त्यानंतरच स्वतंत्रपणे प्रॅक्टिस करता येते. ही नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते.

२०१९ पासून देशात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आहे. यात केवळ पाठ केलेले लिहून चालत नाही. ठरलेली कौशल्ये करून दाखवावी लागतात आणि लॉगबुकमध्ये नोंदवावी लागतात. रुग्णाशी कसे बोलावे, वाईट बातमी कशी सांगावी, संमती कशी घ्यावी, हेही आता अभ्यासक्रमात आहे. विद्यार्थ्याला काही कुटुंबे दत्तक दिली जातात आणि त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा तो शिक्षणभर करतो.

मराठी माध्यमाचा विद्यार्थी

शिकवणे आणि परीक्षा इंग्रजीत असतात, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्याला पहिले सहा महिने जड जातात. बुद्धी तीच असते, पण वाचनाचा वेग निम्मा होतो आणि वर्गात प्रश्न विचारायची भीती वाटते. यावर साधे उपाय आहेत: रोज दहा वैद्यकीय शब्द अर्थासह वहीत लिहिणे, एक परिच्छेद मोठ्याने वाचणे, तोंडी परीक्षेची उत्तरे मित्रासमोर इंग्रजीत बोलून पाहणे. पहिली सेमिस्टर संपेपर्यंत बहुतेकांचा वेग येतो. तोवरच्या कमी मार्कांवरून “आपल्याला जमणार नाही” असा निष्कर्ष काढू नये.

आणि वॉर्डात चित्र उलटते. रुग्ण पुस्तकातली लक्षणे सांगत नाही. तो सांगतो, “अंगात कणकण आहे”, “पोटात कळ येते”, “डोळ्यांपुढे अंधारी येते”, “छातीत धडधडतं”, “जीव घाबराघुबरा होतो”. यातली कुठली तक्रार हृदयाची, कुठली रक्त कमी असल्याची आणि कुठली भीतीची, हे ऐकण्यातून उलगडते. वसई पट्ट्यात आगरी, कोळी, वाडवळी, सामवेदी बोलणारी माणसे आहेत. पालघरच्या डोंगराळ भागात वारली बोलणारी आहेत. ज्याला ही बोली घरची आहे त्याला हिस्ट्री लवकर आणि खरी मिळते. निदानाचा मोठा भाग हिस्ट्रीतूनच होतो, हे प्रत्येक शिक्षक सांगतो. गावची भाषा ही कमीपणाची गोष्ट नाही, ते कामाचे साधन आहे.

एमबीबीएसनंतर किती वर्षे?

समजा मुलीने अठराव्या वर्षी प्रवेश घेतला.

• २३ ते २४ वर्षे: एमबीबीएस आणि इंटर्नशिप पूर्ण.
• त्यानंतर १ वर्ष: शासकीय किंवा महापालिका महाविद्यालयातून शिकलेल्यांना बंधपत्रानुसार समाजसेवेचे वर्ष करावे लागते. प्रवेशाच्या वेळी सही करताना बंधपत्र पूर्ण वाचा.
• नीट-पीजी: तयारीला अनेकदा वर्ष जाते.
• पुढे ३ वर्षे: एमडी, एमएस किंवा डीएनबी.
• त्यापुढे हृदयरोग, मेंदूविकार अशा अतिविशेष शाखेसाठी आणखी ३ वर्षे.

नीटसाठी एखादे वर्ष ड्रॉप घेतले असेल तर ते यात मिळवा. बरोबरीची मुले इंजिनीअर होऊन बाविसाव्या वर्षी पगार आणू लागतात आणि आपली मुलगी सत्ताविसाव्या वर्षीही परीक्षा देत असते. हे कुटुंबाने आधीच समजून घेतले असेल तर “अजून किती शिकणार?” हा प्रश्न घरात कमी वेळा विचारला जातो. तो प्रश्न विद्यार्थ्याला किती टोचतो, हे विचारणाऱ्याला कळत नाही.

खर्चासाठी महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती योजना पाहा: राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या योजना. २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत जाहीर झाली आहे. कोणती फी यात येते आणि कोणती येत नाही, हे कॉलेजच्या विद्यार्थी विभागात विचारा. घर किंवा शेत गहाण टाकण्याआधी ही चौकशी झालेली असावी.

परदेशात एमबीबीएस करायचे असेल तरी नीट पात्रता लागते. २०२१ च्या नियमांनुसार तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप व्हावी आणि भारतात आल्यावर पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन पुन्हा १२ महिने इंटर्नशिप करावी लागते. एजंटने सांगितलेल्या फीमध्ये ही जास्तीची वर्षे धरलेली नसतात.

विद्यार्थ्याची तब्येत: शरीर

हिपॅटायटिस बी. रक्तातून पसरणारा हा विषाणू आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी सर्वांत टाळता येण्यासारखा धोका आहे. लसीचे तीन डोस असतात: पहिला, १ महिन्याने दुसरा, ६ महिन्यांनी तिसरा. तिसऱ्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी रक्तातील अँटी-एचबीएस तपासावे. ते १० किंवा अधिक असले तर संरक्षण मिळाले असे धरतात. ही लस सरकारी लसीकरणात देशभर २०११ च्या सुमारास आली. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना लहानपणी ती मिळालेली नसते, म्हणून “सगळ्या लसी झाल्यात” यावर विसंबू नका, कार्ड पाहा. प्रवेश निश्चित झाला की पहिला डोस घ्या. गोवर-रुबेला, कांजिण्या, धनुर्वात यांच्या लसींबद्दलही डॉक्टरांना विचारा.

सुई टोचणे. इंटर्नशिपमध्ये थकलेल्या रात्री हे घडते. जखम दाबून रक्त काढू नका, तोंडात बोट घालू नका, ब्लीच लावू नका. वाहते पाणी आणि साबणाने धुवा, वरिष्ठांना लगेच कळवा, रुग्णाची आणि स्वतःची तपासणी करा. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, म्हणजे कमी असते. योग्य वेळी सुरू केलेले २८ दिवसांचे औषध ती आणखी कमी करते. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्याला मात्र धोका कितीतरी पट जास्त, ३० टक्क्यांपर्यंत असू शकतो. लपवणे हीच यातली मोठी चूक आहे. “वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका” हा नियम रोज पाळा.

क्षयरोग. मुंबईच्या वॉर्डात क्षयरुग्ण रोज भेटतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे यातले काहीही झाले तर थुंकीची तपासणी आणि एक्स-रे करा. “परीक्षेचा ताण आहे” म्हणून महिनाभर थांबू नका. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. संशयित क्षयरुग्णाजवळ काम करताना एन-९५ मास्क वापरा; साध्या कापडी मास्कने हे संरक्षण मिळत नाही.

झोप आणि जेवण. प्रौढ माणसाला ७ तास तरी झोप लागते. रात्रपाळीनंतर दुचाकी चालवू नका. रात्रभर जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया मंदावते आणि त्याला स्वतःला ते जाणवत नाही. ड्यूटीला जाताना डबा, फळ, शेंगदाण्याचा लाडू, पाण्याची बाटली बरोबर ठेवा. दिवसभर चहा-बिस्किटावर काढणाऱ्या विद्यार्थिनींमध्ये रक्त कमी होणे नेहमी दिसते. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासावे.

विद्यार्थ्याची तब्येत: मन

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कार्यदलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत २५ हजारांहून अधिक एमबीबीएस विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. त्यांतील २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची समस्या असल्याचे सांगितले. आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचे एमबीबीएसच्या १६.२ टक्के आणि पदव्युत्तर ३१.२ टक्के विद्यार्थ्यांनी नोंदवले. पाहणी स्वेच्छेची होती, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे सर्वांना लावता येत नाहीत. पण प्रश्न लहान नाही, हे कळायला ते पुरेसे आहेत. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नसावे आणि एक सुटी मिळावी, अशी शिफारस या अहवालात आहे.

शाळेत कायम पहिला आलेला मुलगा इथे दीडशे-दोनशे पहिल्या आलेल्यांच्या वर्गात बसतो. आयुष्यात पहिल्यांदा नापास होतो. घरी सांगता येत नाही, कारण गल्लीत पेढे वाटलेले असतात. त्यात कर्जाचे ओझे किंवा रॅगिंगची भर पडली तर मन कोसळायला वेळ लागत नाही. पालकांनी पुढील खुणांकडे लक्ष द्यावे:

• दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहणे, रडू येणे किंवा काहीच न वाटणे.
• घरी फोन करणे अचानक बंद होणे, किंवा फोनवर फक्त “ठीक आहे” एवढेच.
• वर्गात न जाणे, परीक्षा चुकवणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे.
• झोपेच्या गोळ्या, दारू किंवा उत्तेजक औषधांचा आधार. मेडिकलच्या विद्यार्थ्याला औषधे सहज मिळतात, म्हणून हा धोका इथे जास्त.
• “माझ्यामुळे तुम्हाला त्रास”, “सगळं संपवावंसं वाटतं” अशी वाक्ये.

शेवटची खूण दिसली तर विद्यार्थ्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. “जीव द्यावासा वाटतो का?” असे सरळ, शांतपणे विचारा. उपचार घेतल्याने डॉक्टर होण्याचा मार्ग बंद होत नाही. रॅगिंग होत असेल तर १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते. प्रत्येक कॉलेजमध्ये रॅगिंगविरोधी समिती असणे बंधनकारक आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*कोटा किंवा लातूरला पाठवावे का?*
बाहेरगावी गेल्यानेच यश मिळते असे नाही. एनसीईआरटीची पुस्तके पूर्ण, जुन्या प्रश्नपत्रिका, वेळ लावून सराव, हा पाया घरी राहूनही घालता येतो. सोळा वर्षांचे मूल एकटे राहू शकेल का, याचे उत्तर क्लासच्या जाहिरातीत सापडत नाही.

*किती वेळा ड्रॉप घ्यावा?*
नियमाने मर्यादा नाही. पण दुसऱ्या प्रयत्नात गुणांत स्पष्ट वाढ नसेल तर पर्यायांचा विचार सुरू करावा. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, फिजिओथेरपी, नर्सिंग, प्रयोगशाळा तंत्रज्ञान यांतही रुग्णसेवाच आहे.

*रक्त पाहून चक्कर येते. जमेल का?*
बहुतेकांना सवयीने जमते. चक्कर येईल असे वाटले तर बसा किंवा आडवे व्हा, पाय हलवत राहा, उपाशी पोटी ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊ नका.

*मधुमेह, दमा, अपस्मार असलेल्यांना डॉक्टर होता येते का?*
आजार नियंत्रणात असेल तर बहुधा होय. औषधे आणि जेवणाच्या वेळा ठरवून घ्या, आणि एखाद्या मित्राला व एका शिक्षकाला आजाराची कल्पना देऊन ठेवा.

*मुलीला खरेच आवड आहे की आमची हौस, हे कसे ओळखावे?*
तिला निकालाच्या आधी, दडपण नसताना विचारा. जमल्यास एक दिवस ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीच्या रांगेत तिच्याबरोबर बसा. गर्दी, वास, रडणारी मुले, चिडलेले नातेवाईक आणि दुपारी दोनपर्यंत न जेवलेला डॉक्टर हे सगळे पाहूनही ती “मला हेच करायचंय” म्हणाली, तर फॉर्म भरा. आणि फॉर्मबरोबर लसीचा पहिला डोस कधी घ्यायचा, तेही लिहून ठेवा.